पिष्ट फोडणारी बुरशी

ग्लुकोअमायलेज हे अ‍ॅस्परजिलस वंशातल्या बुरश्या आपल्या पेशींबाहेर सोडतात असे एक विकर, म्हणजे एन्झाइम आहे. विकर हे सजीवाने घडवलेले प्रथिन असते. ते एखादी रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणते आणि त्या क्रियेत स्वतः खर्ची पडत नाही. ग्लुकोअमायलेजचे काम एवढेच, की स्टार्चच्या, म्हणजे पिष्टाच्या, साखळीच्या टोकाला लागायचे आणि ग्लुकोजचा एकेक रेणू सुटा करायचा. त्याच्या जोडीला बुरशीकडे अल्फा-अमायलेज हे आणखी एक विकर असते आणि ते साखळी मधूनच तोडते. या दोघांच्या बळावर बुरशी भिजलेल्या दाण्यातला, दमट पिठातला, शिळ्या पावातला स्टार्च साखरेत बदलते आणि त्या साखरेवर जगते. ही विकरे बुरशीपासून वेगळी काढून वापरण्याची विद्या साधारण सव्वाशे वर्षांची आहे. औषधाच्या दुकानातली पाचक गोळी, बेकरीतली पावाची लादी, द्रवरूप ग्लुकोज आणि पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे मक्याचे इथेनॉल या सगळ्यांना तिचा हात लागलेला आहे.

या विषयाची ओळख फुलंब्रीच्या मक्यावरून करून घेणे सोयीचे आहे. छत्रपती संभाजीनगरहून सिल्लोड-अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा, गिरजा नदीच्या काठचा हा तालुका खरिपात कपाशी आणि मका पिकवतो. शेजारचे सिल्लोड आणि कन्नडही मक्याचेच. दिवाळीच्या आगेमागे बिट्या खळ्यावर येतात, मळणी यंत्रातून दाणे निघतात आणि घरापुढे, रस्त्याच्या कडेला, बाजार समितीच्या आवारात पिवळे थर उन्हात पसरले जातात. हा मका ताटात फारसा येत नाही. व्यापाऱ्यांच्या हातून तो कोंबड्यांच्या खाद्यात, स्टार्चच्या कारखान्यात आणि गेल्या काही वर्षांत इथेनॉलच्या टाक्यांत जातो. या सगळ्या वाटांवर त्याचे मोल मुख्यतः त्यातल्या स्टार्चमुळे आहे, आणि शेवटच्या दोन वाटांवर तो स्टार्च फोडण्याचे काम बुरशीचे विकर करते.

मक्याच्या दाण्याच्या वजनात साधारण ६० ते ७० टक्के स्टार्च असतो. तो सुटा नसतो. प्रथिनाच्या जाळीत बारीक कणांच्या रूपाने घट्ट बसवलेला असतो. प्रत्येक कणात दोन प्रकारचे रेणू असतात. अमायलोज ही ग्लुकोजची जवळजवळ सरळ साखळी, अमायलोपेक्टिन ही जागोजागी फांद्या फुटलेली. नेहमीच्या मक्यात पहिल्याचा वाटा सुमारे पाव आणि दुसऱ्याचा पाऊण असतो. सरळ भागातले दुवे अल्फा-१,४ जातीचे, फांदी फुटते तिथला दुवा अल्फा-१,६ जातीचा. हा फरक बारीक वाटला तरी पुढचा सगळा व्यवहार त्यावर उभा आहे. थंड पाण्यात कच्च्या स्टार्चचे कण जवळपास तसेच राहतात. पाणी ६२ ते ७२ अंश सेल्सिअसपर्यंत तापले की ते फुगतात, त्यांची घट्ट बांधणी सैल होते आणि खळ तयार होते. ज्वारीच्या पिठात आधणाचे पाणी घालून मळले की भाकरी न चिरता थापता येते, त्यामागेही हेच आहे. खळ झालेला स्टार्च विकरांना चटकन सापडतो, कच्चा फार सावकाश.

बुरशीला तोंड नाही आणि पोटही नाही. ज्यावर ती वाढते त्यावरच ती विकरे सोडते, अन्न बाहेरच पचवते आणि विरघळलेली साखर तंतूंच्या भिंतीतून आत घेते. मोठा रेणू आत घेता येत नाही म्हणून आधी तो बाहेर फोडावा लागतो. यात तिची काटकसर थक्क करणारी आहे. आजूबाजूला आयते ग्लुकोज भरपूर असेल तर स्टार्च फोडणाऱ्या विकरांची जनुके दाबली जातात. माल्टोज किंवा स्टार्चचे तुकडे जाणवले तर ती जागी होतात. म्हणून विकर तयार करणारे कारखानदार बुरशीला थेट साखर खाऊ घालण्याऐवजी कोंडा, स्टार्च किंवा त्याचे अर्धवट फुटलेले तुकडे देतात, आणि साखर द्यायची झालीच तर थेंबाथेंबाने देतात.

दोन विकरांची कामाची पद्धत वेगळी आहे. मक्याचे कणीस मधोमध मोडता येते, किंवा एका टोकाकडून एकेक दाणा सोलत जाता येते. अल्फा-अमायलेज मोडणारे आहे. ते साखळीच्या आतल्या अल्फा-१,४ दुव्यांवर घाव घालते, त्यामुळे लांब रेणूंचे आखूड तुकडे होतात आणि घट्ट खळ पाहता पाहता पातळ होते. ग्लुकोअमायलेज सोलणारे आहे. त्याला साखळीचे मोकळे टोक लागते. त्या टोकापासून एकेक ग्लुकोज सोडवत ते पुढे सरकते. आधी मोडले की टोके वाढतात आणि सोलण्याला वेग येतो, म्हणून उद्योगात दोन्ही विकरे याच क्रमाने वापरतात. फांदीच्या अल्फा-१,६ दुव्यापाशी ग्लुकोअमायलेज अडते, पण थांबत नाही. तो दुवाही ते तोडते, मात्र शेकडो पटींनी मंद गतीने. ही अडचण टाळायची तर पुलुलानेज हे फांद्या छाटणारे तिसरे विकर थोडेसे मिसळतात.

अ‍ॅस्परजिलस नायजर या काळ्या बुरशीच्या ग्लुकोअमायलेजची रचना पुष्कळ तपशिलात उलगडली आहे. ६१६ अमिनो आम्लांची ही साखळी आहे. तिच्या एका टोकाला दुवा तोडणारा मोठा भाग आणि दुसऱ्या टोकाला स्टार्चच्या कणाला चिकटून राहणारा लहान भाग असतो. दोघांना जोडणारा पट्टा साखरेच्या रेणूंनी मढवलेला असतो. तोडण्याचे काम ग्लुटामिक आम्लाचे दोन अवशेष करतात. एक दुव्याला प्रोटॉन देतो, दुसरा पाण्याच्या रेणूला पुढे ढकलतो आणि ग्लुकोज सुटते. चिकटणारा भाग काढून टाकला तर विकर विरघळलेला स्टार्च पूर्वीसारखाच फोडते, पण कच्च्या कणापुढे दुबळे पडते. हे विकर ४ ते ४.५ सामू आणि ५५ ते ६० अंश तापमान यांत सर्वांत जोमाने चालते. अल्फा-अमायलेजची कथाही अशीच तपशीलवार आहे. अ‍ॅस्परजिलस ओरायझीच्या अल्फा-अमायलेजची त्रिमितीय रचना जपानी संशोधकांनी १९८० च्या सुमारास मांडली. ४७८ अमिनो आम्लांचा हा रेणू कॅल्शियमच्या आधाराने आपला आकार टिकवतो.

स्टार्च फोडणारे विकर प्रथम बुरशीत सापडले नाही. १८३३ मध्ये फ्रान्समध्ये आन्सेल्म पायां आणि जाँ-फ्रांस्वा पेर्सो यांनी मोड आलेल्या बार्लीतून ते वेगळे केले आणि त्याला डायस्टेज म्हटले. मोड आणून धान्य गोडसर करण्याची रीत मात्र फार जुनी आहे. नाचणीला मोड आणून केलेले सत्त्व तान्ह्या मुलाला पचायला हलके जाते ते याच विकरांमुळे. पूर्व आशियात दुसरी वाट रूढ होती. जपानमध्ये वाफवलेल्या तांदळावर अ‍ॅस्परजिलस ओरायझी वाढवून कोजी तयार करत आणि त्यातून साके, मिसो बनवत. मोड आलेल्या धान्याचे काम तिथे बुरशी करत होती.

या दोन वाटा जोडणारा माणूस म्हणजे जोकिची ताकामिने. १८५४ साली जन्मलेल्या या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १८९० मध्ये अमेरिका गाठली, ती व्हिस्कीच्या भट्टीत माल्टऐवजी कोजी वापरता येते हे दाखवण्यासाठी. इलिनॉयमधल्या पिओरिया शहरात त्याला माल्ट बनवणाऱ्यांचा विरोध झाला, कारखान्याला आग लागली आणि तो बेत फसला. ताकामिनेने मग गव्हाच्या कोंड्यावर वाढवलेल्या बुरशीतून विकर काढले, १८९४ मध्ये त्याचे अमेरिकी पेटंट मिळवले आणि पार्क-डेव्हिस कंपनीने ते ‘टाका-डायस्टेज’ या नावाने पाचक औषध म्हणून बाजारात आणले. सूक्ष्मजीवापासून काढलेल्या विकराचे हे अमेरिकेतले पहिले पेटंट मानले जाते. गव्हाचा कोंडा ही गिरणीतली टाकाऊ वस्तू, आणि तिच्यावर उगवलेल्या बुरशीतून औषध! ताकामिनेची ही नजर विकर-उद्योगाचा पाया ठरली. ग्लुकोअमायलेज मात्र पुढे बराच काळ कारखान्यांपासून दूर राहिले. ग्लुकोज तयार करायला स्टार्च आम्लात उकळत असत. त्यात रंग धरे, कडवट अंश उतरे, आम्ल मारून उरलेले क्षार काढावे लागत. १९६० च्या दशकात काळ्या बुरशीचे ग्लुकोअमायलेज मोठ्या प्रमाणावर मिळू लागले तेव्हा ही पद्धत मागे पडली.

आजही विकर दोन रीतींनी करतात. जुनी रीत कोंड्याची. ओलावलेला, वाफेने निर्जंतुक केलेला गव्हाचा कोंडा थाळ्यांत पातळ पसरायचा, त्यावर बुरशीचे बीजाणू टाकायचे आणि ३० अंशांच्या आसपास काही दिवस वाढू द्यायचे. कोंडा आधी पांढऱ्या तंतूंनी गुंफला जातो, त्याचा गठ्ठा बनतो आणि त्यातून ऊब येऊ लागते. ही ऊब बाहेर काढणे हेच या रीतीतले खरे कसब आहे, कारण थर जाड झाला तर मधली बुरशी स्वतःच्याच उष्णतेने मरते. बीजाणू धरून रंग चढण्याच्या बेताला कोंडा पाण्यात भिजवून विकर उतरवून घेतात. दुसरी रीत मोठ्या पोलादी टाक्यांची. द्रवात बुरशी वाढवायची आणि सतत निर्जंतुक हवा सोडायची. मोठे कारखाने बहुतेक हीच वापरतात.

या कामाला लागणारे बुरशीचे वाण महाराष्ट्रात जतन केले आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह १९५० च्या दशकाच्या आरंभापासून आहे आणि तिथले अ‍ॅस्परजिलस नायजरचे वाण देशभरच्या ग्लुकोअमायलेज संशोधनात वापरले गेले आहेत. पुण्यातच, शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी १९४६ मध्ये सुरू केलेल्या संस्थेत, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेत, बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रह आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झालेले एक काम या विषयात आवर्जून सांगण्यासारखे आहे. भुईमुगाच्या बुंध्याला कूज आणणारी स्क्लेरोशियम रॉल्फसी ही बुरशी शेतकऱ्याची वैरीण. तिच्यापासून काढलेले ग्लुकोअमायलेज पुलुलान या फांद्यांच्या दुव्यांनी भरलेल्या शर्करेलाही फोडते, असे तिथल्या संशोधकांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केले. नेहमीचे ग्लुकोअमायलेज नेमके जिथे अडते तिथे चालणारे विकर एका पीकरोगाच्या बुरशीत मिळाले. अशा संग्रहांचे मोल सहसा इमारतींच्या आणि यंत्रांच्या कौतुकात झाकले जाते. प्रत्यक्षात नळीत जपलेला एक शुद्ध वाण हरवला तर तो यंत्राने परत मिळत नाही.

ग्लुकोअमायलेजचा एक मुख्य औद्योगिक उपयोग ग्लुकोज तयार करण्याचा. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचा येथे १९७० च्या दशकापासून मक्यापासून स्टार्च आणि त्यापासून द्रवरूप ग्लुकोज, डेक्स्ट्रोज काढले जाते. मका भिजवून, दळून अंकुर, साल, प्रथिन आणि स्टार्च वेगळे करायचे. मग स्टार्चची खळ विकरांच्या हवाली करायची. दोन ते तीन दिवसांत ९५ टक्क्यांच्या वर ग्लुकोज मिळते. त्याहून अधिक वेळ दिला तर फायद्याऐवजी तोटा होतो. ग्लुकोज फार दाट झाले की हेच विकर उलटे चालते, सुटे रेणू पुन्हा जोडून आयसोमाल्टोज बनवू लागते. क्रिया कधी थांबवायची हे ओळखणे म्हणून महत्त्वाचे.

इथेनॉलच्या कारखान्यात ही अडचण नैसर्गिकरीत्या सुटते. तिथे मका सबंध दळतात, पाण्यात कालवतात आणि उष्णता सोसणारे जिवाणूचे अल्फा-अमायलेज घालून शिजवतात. इतक्या तापमानात बुरशीचे विकर टिकत नाही. लगदा पातळ झाला की तो ३२ अंशांच्या आसपास थंड करून त्यात ग्लुकोअमायलेज आणि यीस्ट एकत्रच टाकतात. विकराला हे तापमान कमी पडते, पण सुटलेले प्रत्येक ग्लुकोज यीस्ट लगेच खाऊन टाकते, त्यामुळे ते साचत नाही, उलटी क्रिया होत नाही आणि जास्त साखरेने यीस्टही गुदमरत नाही. दोन-अडीच दिवसांत टाकी ऊर्ध्वपातनाला तयार होते.

हिशोब मांडून पाहण्यासारखा आहे. एका टन मक्यात ६०० किलो स्टार्च धरला, तर विकर प्रत्येक दुव्याला पाण्याचा एक रेणू जोडत असल्याने त्यातून सुमारे ६६७ किलो ग्लुकोज मिळते; वजन वाढते ते या पाण्याचे. यीस्ट त्यातले ५१ टक्के वजन इथेनॉलमध्ये बदलते, उरलेले कर्बवायू होऊन उडून जाते. म्हणजे ३४० किलो, किंवा सुमारे ४३० लिटर. प्रत्यक्षात नीती आयोगाने २०२१ च्या आराखड्यात टनाला ३८० लिटर धरले आहेत. मधली तूट न फुटलेल्या स्टार्चची, यीस्टच्या स्वतःच्या वाढीची आणि गळतीची. जानेवारी २०२४ मध्ये मक्याच्या इथेनॉलचा खरेदीदर लिटरला ७१.८६ रुपये झाला. त्या दराने एका क्विंटलच्या ३८ लिटरचे सुमारे २,७३० रुपये होतात. त्या हंगामाचा मक्याचा हमीभाव क्विंटलला २,०९० रुपये होता. मधल्या फरकातून वाफ, वीज, वाहतूक, विकरे आणि व्याज भागवायचे असते. जोडीला मागे उरणाऱ्या पेंडीचे उत्पन्न असते. टनाला किलोभराहूनही कमी लागणारे विकर नीट चालले नाही तर कारखान्याचे गणित का बिघडते, हे यावरून कळते.

मक्याला हे महत्त्व अचानक आले. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले, आणि २०२३-२४ च्या इथेनॉल वर्षात देशाच्या पुरवठ्यात मक्याचा वाटा सर्वांत मोठा ठरला. उसाच्या रसात यीस्टला आयती साखर मिळते, तिथे ग्लुकोअमायलेजची गरज नसते. मक्यात त्याच्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही.

इतर उपयोग थोडक्यात. बेकरीत पिठात बुरशीचे अल्फा-अमायलेज चिमूटभर घालतात. यीस्टला साखर मिळून पाव फुगतो आणि कवचाला रंग येतो. भट्टीत ते ६० अंशांच्या पुढे लवकर मरते, म्हणून पाव आतून चिकट होत नाही. जिवाणूचे विकर शेवटपर्यंत काम करत राहते आणि लादी बिघडवते. मूळची मुंबईच्या युनिकेम लॅबोरेटरीजची ‘युनिएन्झाइम’ ही गोळी अनेक मराठी घरांच्या औषधाच्या डब्यात असते. तिच्यातला बुरशीचा डायस्टेज ताकामिनेच्या औषधाचाच वारस. पाकिटावरचा १:८०० हा आकडा विकर आपल्या वजनाच्या किती पट स्टार्च पचवू शकते ते सांगतो. निरोगी माणसाची लाळ आणि स्वादुपिंड हे काम पुरेसे करतात, त्यामुळे रोजच्या जेवणानंतर अशी गोळी घेण्याचे कारण नसते. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा परिसरात बिअर बनते, तो धंदा मुळात बार्लीच्या माल्टमधल्या विकरांवर चालतो. फांद्यांचे न आंबणारे तुकडे कमी करून हलकी बिअर करायची असेल तेव्हा ग्लुकोअमायलेज मदतीला घेतात. साखर कारखान्यात उसाच्या रसातला थोडासा स्टार्चही गाळणीत अडथळा करतो आणि तिथे अमायलेज लागते.

विकराची पूड नाकातोंडात जाणे मात्र अपायकारक असते. बुरशीच्या अल्फा-अमायलेजची धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेली तर बेकरी कामगारांना दम्याचा त्रास होतो, हे वैद्यकात नोंदलेले आहे. पाकीट फोडून पूड उडवत पिठात टाकणाऱ्या लहान बेकऱ्यांत याची जाणीव कमी आहे आणि ती वाढायला हवी. द्रवरूप किंवा दाणेदार विकर वापरले की हा धोका बराच कमी होतो.

बुरशीची हीच पचनशक्ती शेतात आणि गोदामात नुकसान करते. काढणीच्या वेळी पाऊस झाला की खरीप ज्वारी काळी पडते, आणि अशा ज्वारीला खाणारा ग्राहक उरत नाही. ती मद्यार्काच्या भट्टीकडे वळते. महाराष्ट्रात २००७ मध्ये धान्यापासून मद्यार्क बनवण्याला सरकारी उत्तेजन मिळाले आणि त्यावर पुढे मोठा वाद झाला. काळी पडलेली ज्वारी विकली जाते हे खरे, पण उत्तेजनामुळे चांगले धान्यही त्याच वाटेने जाईल ही विरोधकांची भीती निराधार नव्हती.

मक्याच्या बाबतीत धोका अधिक गंभीर आहे. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही हिरवट-पिवळी बुरशी अ‍ॅस्परजिलस ओरायझीची अगदी जवळची नातेवाईक. तिच्याकडेही तशीच अमायलेज आहेत, पण ती स्टार्चवर वाढताना अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष बनवते. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत भिजून बुरशी चढलेला मका खाल्ल्याने शंभराहून अधिक माणसे दगावली. कारखान्यात वापरले जाणारे वाण असे विष बनवत नाहीत याची तपासणी करूनच निवडलेले असतात. मक्यासोबत शेतातून आलेल्या बुरशीची अशी हमी कोणी देत नाही. तिचे विष शिजवताना पुरते नष्ट होत नाही आणि इथेनॉलबरोबर वाफ होऊन जातही नाही. स्टार्च निघून गेल्यावर मागे दाण्याच्या वजनाचा सुमारे एक तृतीयांश भाग सुकी पेंड म्हणून उरतो, आणि दाण्यात जेवढे विष होते ते या पेंडीत जवळपास तिप्पट दाट होऊन बसते. पेंड कोंबड्यांना आणि दुभत्या जनावरांना घातली जाते. गाईच्या शरीरात त्या विषाचा एक भाग रूप बदलून दुधात उतरतो. भारतीय अन्नसुरक्षा मानकांनी दुधासाठी त्याची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम ठेवली आहे.

याचा बंदोबस्त विकर घालण्याच्या कितीतरी आधी, खळ्यावर करावा लागतो. काढणीच्या वेळी मक्याच्या दाण्यात २० ते २५ टक्के पाणी असू शकते. ते १४ टक्क्यांच्या खाली आले की बुरशीची वाढ जवळपास थांबते. नोव्हेंबरचे ऊन हे काम फुकट करते, पण काढणीत अवकाळी पाऊस आला, ताडपत्री अपुरी पडली किंवा पैशाच्या निकडीने ओला मका तसाच पोत्यात भरला गेला, तर दोन-तीन दिवसांत ढिगाच्या पोटात ऊब धरते. बाजार समितीत ओलावा मोजणारे यंत्र दाण्यांवर ठेवून भाव कापला जातो तेव्हा शेतकऱ्याला तो अन्याय वाटतो, आणि कपात मनमानी असेल तर तो असतोही. पण गावोगावी वाळवणी यंत्रे आणि झाकलेली खळी उपलब्ध करून दिल्यावाचून केवळ भाव कापल्याने ओला मका सुकत नाही. कारखान्याच्या दारात ट्रकमधून नमुना काढताना ओलावा आणि स्टार्चबरोबर अफ्लाटॉक्सिनही मोजले जाणे आवश्यक आहे. पहिल्या दोन आकड्यांवर इथेनॉलचा उतारा ठरतो, आणि पेंड जनावरांपुढे ठेवता येईल की नाही ते तिसऱ्यावर.